झोळीखालची गोधडी

पौषातली सांज उतरत होती. कोयनेच्या निळ्या, निश्चल, अथांग जलावर सूर्याचं उरलंसुरलं केशर सांडलं होतं. पैलतीरावरचे डोंगर आधी जांभळे झाले, मग करडे झाले, मग नुसते अंदाजाने ओळखायचे उरले. हिरड्याच्या पर्णराजीतून वारा दबक्या पावलांनी हिंडत होता. आकाश निरभ्र होतं, निर्मळ होतं, आणि अगदी निर्दय होतं. असल्या आकाशाखाली शहाणी माणसं रात्र काढत नाहीत.

तरीही त्या काठावर, त्या हिरड्यांच्या राईत, झाडाझाडांमध्ये तीन झोळ्या टांगल्या होत्या. एक शेंदरी, एक पोपटी, एक मोरपंखी. प्रत्येकीवर ताडपत्रीचं तिरकं छप्पर, दव अडवायला ताणून बांधलेलं. मावळत्या उजेडात त्या मंद मंद झुलत होत्या, रिकाम्या आणि निरागस. आज आपल्यात कोण झोपणार आहे याची त्यांना कल्पना नव्हती.

मोरपंखी झोळी केतकीची. केतकीला पाचवा महिना सरत आला होता आणि तिला डोहाळा लागला होता. लोकांच्या लेकींना चिंचा लागतात, कैऱ्या लागतात, फार तर ओल्या मातीचा वास लागतो. केतकीने पुण्याच्या घरात सोफ्यावर बसून शांतपणे जाहीर केलं, की मला थंडीत, रानात, झाडाला टांगलेल्या झोळीत एक रात्र झोपायचंय, आणि सोबत दोन्ही आया पाहिजेत. तिचा नवरा ऋतुराज पांढराफटक पडला. थंडीचं त्याला काही नव्हतं. तो घाबरला तो 'दोन्ही' या शब्दाला.

पण गर्भारणीचा डोहाळा मोडायचा नसतो. मोडला तर पोराची लाळ गळते, हे फलटणला ठाऊक आहे आणि वाईलाही ठाऊक आहे. त्या दोन घरांचं एवढ्या एकाच गोष्टीवर एकमत होतं.

फलटणच्या विजयमालाबाई जगदाळे म्हणजे ऋतुराजची आई. उंच, गौरवर्णी, करारी. बसल्या तरी उभ्या असल्यासारख्या वाटणाऱ्या. वाईच्या सुलोचनाबाई पिसाळ म्हणजे केतकीची आई. ठेंगण्या, सावळ्या, लगबगीच्या; हातात काचेच्या बांगड्या आणि बांगडीत सेफ्टी पिनांचा भरगच्च झुबका. या दोघी विहिणी लग्नापासून एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. दोघींचे नवरे एकमेकांना रोज फोन करत आणि पावसापाण्यावर पोटभर बोलत, म्हणून त्यांना घरीच ठेवलं होतं. त्यांचा या कामी काही उपयोग नव्हता.

येताना गाडीत विजयमालाबाई पुढे, सुलोचनाबाई मागे. मध्ये एका सीटची पाठ. तेवढं अंतर ओलांडायलाही मध्यस्थ लागत होता.

"ऋतुराज, तुझ्या सासूबाईंना विचार, काच वर करू का म्हणावं."

"जावईबापू, सांगा त्यांना, आम्ही कोण सांगणारे? त्यांच्या मनाला येईल तसं करा."

घाटातल्या साऱ्या वळणांवर ऋतुराज एका हाताने गाडी आणि एका तोंडाने दोन संसार सांभाळत होता. बिचारा पार घामाघूम झाला.

आता हे सगळं सुरू कसं झालं, ते सांगायलाच हवं. माघातली पहाट होती, मांडवात सनई होती, आणि वरमाईचे पाय धुवायची वेळ आली. सुलोचनाबाईंनी चांदीच्या तांब्याने धार धरली. ती धार गार निघाली. गार म्हणजे अशी गार, की विजयमालाबाईंच्या तळपायातून निघालेली शिरशिरी थेट नथीच्या मोत्यापर्यंत गेली. बंबातलं कढत पाणी वऱ्हाडाच्या अंघोळींना संपलं होतं. पण वरमाईला ते कोण पटवणार? मुद्दाम केलं, हे त्यांचं ठाम मत झालं.

मग त्या रुखवताकडे वळल्या. तिथे साखरेचं देऊळ होतं, सुपारीचे नवरा-नवरी होते, आणि मधोमध, चकचकीत कागदात, लाल रिबिनीत एक गोधडी होती. सुलोचनाबाईंनी वर्षभर डोळे फोडून शिवलेली. आईचं इरकली लुगडं, थोरल्या बहिणीची नारायणपेठ, स्वतःच्या लग्नातला डाळिंबी शालू, आणि त्यांना एकत्र बांधणारा बारीक, एकसारखा, पांढराशुभ्र टाका. विजयमालाबाईंनी त्या गोधडीकडे पाहिलं आणि मांडवभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "गोधडी होय? आमच्यात पलंग आहेत बाई."

तिथून जो गारठा पडला, तो उन्हाळ्यातही हटला नाही.

आणि आता वैशाखात बाळ येणार होतं. बाळ आलं की बारसं आलं. बारशाला पाळण्याच्या एका अंगाला एक बाई लागते, दुसऱ्या अंगाला दुसरी. एकीने बाळ पाळण्याखालून द्यायचं, दुसरीने ते घ्यायचं, तेव्हा कुठे नाव ठेवतात. त्या दोन जागा दोन आज्यांच्या. आणि दोन्ही आज्यांनी केतकीला वेगवेगळ्या फोनवर एकच वाक्य सांगितलं होतं: त्या येणार असल्या, तर मी येणार नाही. केतकीच्या मिटल्या डोळ्यांपुढे मग एकच चित्र येई. पाळण्याखालून कुणीतरी बाळ पुढे केलंय, आणि पलीकडे घ्यायला हातच नाहीत. त्या चित्राने तिचा जीव अर्धा होत असे.

डोहाळा खरा होता की खोटा, ते तिचं तिला माहीत. पण वैशाखाच्या आत त्या दोघींना एका झाडाखाली आणायचं, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं.

ऋतुराजने व्हिडिओ बघून गाठी शिकल्या होत्या. झोळी किती उंच बांधायची हे त्यात नीट सांगितलं होतं. वरमाईची किती उंच बांधायची, हे नव्हतं. त्याने सासूबाईंची पोपटी झोळी कमरेइतक्या उंचीवर बांधली आणि आईची शेंदरी झोळीही तितक्याच उंचीवर. विजयमालाबाई झोळीकडे पाहू लागल्या. नुसत्या पाहत राहिल्या. त्याने शेंदरी झोळी चार बोटं वर नेली. त्या पाहतच होत्या. आणखी वीतभर नेली. त्या पाहतच होत्या. अखेर शेंदरी झोळी त्याच्या खांद्याला लागली, तेव्हा मातोश्रींच्या मुखावर समाधानाची पुसट उषा उगवली.

वर चढायला प्लॅस्टिकची खुर्ची लागली. पहिल्या खेपेला झोळीने त्यांना एका अंगाने घेतलं आणि दुसऱ्या अंगाने अदबीने खाली ठेवलं. गवत मऊ होतं म्हणून बरं. सुलोचनाबाईंनी तोंडात पदर कोंबला. त्यांचे खांदे तेवढे हलत होते. दुसऱ्या खेपेला विजयमालाबाई पोचल्या. एक जांभळी पिशवी त्यांनी सकाळपासून कुणाच्या हाती दिली नव्हती. ती उशाला घेऊन त्या वर विराजमान झाल्या. तिथून कोयनेचा वारा सरळ, मोकळा आणि फुकट मिळत होता.

शेकोटीवर भाकऱ्या झाल्या, पिठलं झालं. मग दोन डबे उघडले. दोन्हींत डिंकाचे लाडूच होते. दोन आया दोन बाजूंनी लेकीच्या हाताकडे टक लावून बसल्या, कुठला आधी उचलते ते बघायला. केतकीने दोन्ही हातांनी दोन उचलले आणि एकदमच चावले. ऋतुराज मात्र चौथी झोळी आणायला विसरला होता, की मुद्दामच विसरला होता, कुणास ठाऊक. जेवण होताच तो गाडीत जाऊन झोपला, आणि काचा बंद असूनही त्याचं घोरणं रानाला ऐकू येऊ लागलं.

मग थंडी आली.

ती गाजावाजा करत आली नाही. ती पाण्यावरून पांढऱ्या पावलांनी आली, गवताच्या पात्यापात्यावरून आली, शेकोटीला वळसा घालून आली. चांदण्या लखलखत होत्या, आणि त्यांचा तो शुभ्र, शीतल, सुंदर लखलखाटसुद्धा अंगाला बोचत होता. दूर कुठेतरी टिटवी ओरडली आणि तीही लवकर गप्प झाली.

शेंदरी झोळीत विजयमालाबाईंनी अंगावर स्लीपिंग बॅगची चेन गळ्यापर्यंत ओढली. वर रजई घेतली. रजईवर शाल, शालीवर स्वेटर, स्वेटरवर ऋतुराजचं जाकीट. डोंगर झाला. आणि त्या डोंगराखाली त्या कुडकुडत होत्या. पोपटी झोळीत सुलोचनाबाईंचंही तेच. अंगावर सारं, अंगाखाली जवळजवळ काहीच नाही; जे होतं ते वजनाने चेपून पापड झालेलं, आणि त्या पापडाला खालून वारा चाटत होता. एक वर, एक खाली, दोघी तळमळत होत्या. पण 'मला थंडी वाजते' हे आधी कोण म्हणणार? जी म्हणेल ती हरली. झोळ्यांच्या दोऱ्या कुरकुरत होत्या आणि दोघींचे ओठ गच्च मिटलेले होते.

केतकीला मात्र उकडत होतं.

पोटातल्या जिवाने आईच्या अंगात अशी काही शेगडी पेटवली होती, की पौषाचा तिला पत्ताच नव्हता. तिने पाय उघडे टाकले होते. ती दोन दोऱ्यांची कुरकुर ऐकत होती. तिला त्यांची दया येत होती, रागही येत होता. अशा या दोन जिद्दी बाया माझ्या बाळाला कशा खेळवणार, या विचाराने तिचे डोळे भरले. मग तिने डोळे पुसले, पाय आत घेतले, आणि दातांवर दात आपटायला सुरुवात केली.

आधी हळू. मग जोरात. मग तिने एक बारीकसं 'आई गं' सोडलं. कोणती आई, ते तिने सांगितलं नाही.

पोपटी झोळीतून सुलोचनाबाई उडाल्याच. शेंदरी झोळीतून उडायला खुर्ची हवी होती आणि खुर्ची अंधारात कुठे गेली होती कुणास ठाऊक; पण विजयमालाबाईंनी तिची वाट पाहिली नाही. त्या डोंगरासकट खाली घसरल्या. दोघी दोन बाजूंनी मोरपंखी झोळीशी आल्या. दोघींनी आपापला हात झोळीखाली घातला, कापडाला लावला. कापड गारेगार होतं.

"थंडी खालनं लागतीया!" दोघी एकदमच म्हणाल्या.

आणि दोघीही दचकल्या. लग्नानंतर त्या प्रथमच मध्यस्थाशिवाय बोलल्या होत्या, आणि तेही एकच वाक्य, एकाच सुरात. दोघी बाजेवर वाढलेल्या. बाजेच्या सुंभातून हिवाळा कसा पाठीला डसतो, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. नव्या कापडाच्या, नव्या गाठींच्या झोळीने त्यांना इतका वेळ भुलवलं होतं, एवढंच.

"खालनं काहीतरी बांधायला पाहिजे," सुलोचनाबाई झोळीला उद्देशून म्हणाल्या. "चेपणार नाही असं. जाड."

विजयमालाबाई उभ्या राहिल्या. त्यांनी केतकीकडे पाहिलं. तिचे दात अजून वाजत होते, जरा जास्तच वाजत होते. त्यांनी आपल्या झोळीकडे पाहिलं. त्यांच्या मनात त्या क्षणी काय चाललं होतं, ते सांगणं कठीण नाही. एका पारड्यात सून होती, आणि दुसऱ्या पारड्यात आजवरचा सगळा तोरा. थोडा वेळ पारडी खालीवर झाली. मग त्या वळल्या, हात वर करून त्यांनी जांभळी पिशवी ओढली, आणि तिच्यातून गोधडी बाहेर काढली.

शेकोटीच्या तांबूस उजेडात ती उलगडली. चकचकीत कागद नव्हता. लाल रिबीन नव्हती. इरकली विटली होती, नारायणपेठ मऊसूत झाली होती, डाळिंबी शालूचा रंग धुऊन धुऊन गुलाबी उतरला होता. ती गोधडी रोजच्या वापरातली होती. एका कोपऱ्याला ती विरली होती, आणि तिथे कुणीतरी हिरव्या पैठणीचं ठिगळ लावलं होतं. टाके मोठे होते, वाकडे होते, सुईची सवय नसलेल्या हातांचे होते. पण ठिगळ पैठणीचं होतं. वरमाईने लग्नात नेसलेल्या पैठणीचं.

"पलंगाला गादी फार मऊ आहे आमच्या," विजयमालाबाई दुसरीकडे बघत म्हणाल्या. "पाठ दुखते. म्हणून आपली घेते कधीमधी."

सुलोचनाबाईंनी त्या ठिगळावरून बोट फिरवलं. एकदा इकडून तिकडे, एकदा तिकडून इकडे. मग बांगडीतला पिनांचा झुबका सोडवला, पिशवीतल्या परकराच्या जादा नाड्या काढल्या, आणि कंबर कसून म्हणाल्या, "धरा."

एक या अंगाला, एक त्या अंगाला. मध्ये झोळी, झोळीत लेक, लेकीत बाळ. गोधडी खालून जायला हवी होती. सुलोचनाबाई वाकल्या आणि त्यांनी ती झोळीखालून पुढे केली. पलीकडून दोन हात आले. त्या हातांनी ती अलगद घेतली.

वर पडलेल्या केतकीचे दात वाजायचे थांबले.

तिने ते पाहिलं नव्हतं, पाठीने ओळखलं होतं. खालून काहीतरी मऊ, जड, उबदार एका आईच्या हातून निघून दुसऱ्या आईच्या हाती गेलं होतं, आणि मध्ये पडलं नव्हतं. तिला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे उचकी लागली.

"बघा, पोरीला गारठ्यानं उचकी लागली," विजयमालाबाई कळवळल्या. "आवळा अजून! फट ठेवू नका."

नाड्या आवळल्या, पिना टोचल्या. गोधडी झोळीच्या पोटाला बिलगली. चेपली नाही, लोंबली नाही. ऊब वर चढू लागली. केतकी आधीच उकडलेली. आता तर तिची पुरती भट्टी झाली. भर पौषात, दवाच्या धारेखाली, तिच्या कपाळावर घामाचे मोती उभे राहिले. पण असली ऊब नको कशी म्हणावी?

विजयमालाबाई पुन्हा खुर्ची शोधून आपल्या उंचावर गेल्या. आता उशाला पिशवीही नव्हती. वारा त्यांच्या पाठीशी मन मानेल तसा खेळू लागला.

खाली शेकोटीपाशी पातेल्याचा आवाज झाला. पाणी आधणासारखं उकळलं. सुलोचनाबाईंनी ते स्टीलच्या बाटलीत भरलं, झाकण करकचून लावलं. बाटली हातात धरवेना. काहीतरी गुंडाळायला हवं होतं. त्यांनी येता येता गाडीत विणून संपवलेलं लोकरीचं पिवळं टोपडं काढलं आणि बाटलीला घातलं. बाटली गोंडस दिसायला लागली. बारशाला वरवंट्याला नटवतात, अगदी तशी.

केतकीने पाहिलं, आई बाटली घेऊन येते आहे. तिने मनातल्या मनात देवाचा धावा केला, की आता आणखी ऊब नको. पण आई तिच्या झोळीवरून पुढे गेली. शेंदरी झोळीशी टाचा उंचावून उभी राहिली, आणि तिने ती टोपडं घातलेली बाटली हळूच विहिणीच्या पावलांशी ठेवली.

"पाणी गरम आहे," सुलोचनाबाई म्हणाल्या. "तेव्हा बंब संपला होता ओ. खरंच संपला होता. त्या दिवशी मला रडू आलं होतं."

उष्ण, ओलसर, लोकरीच्या वासाची ती ऊब तळपायातून वर सरकत असावी. घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, आणि मग जिथे नथ असते तिथपर्यंत.

"लई वेळ लागला ओ विहीणबाई तुमच्या पाण्याला तापायला," विजयमालाबाई म्हणाल्या.

"वर वारा फार आहे. खाली या."

"खुर्ची धरा मग."

वरमाई आपल्या मानाच्या उंचीवरून उतरली. पोपटी झोळीत सुलोचनाबाई आधी शिरल्या, मग "सरका की जरा" म्हणत विजयमालाबाई. झोळी खोल, खोल, खोल गेली. दोन हिरडे एकमेकांकडे किंचित झुकले. जमीन आणि झोळी यांच्यात जेमतेम एका मांजराला जायला जागा उरली. खाली रजई, वर रजई, मध्ये दोघी, आणि पायांशी टोपडं घातलेली बाटली.

"बारशाला उजव्या अंगाला मी उभी राहणार," रजईच्या आतून आवाज आला.

"का म्हणून? लेक माझी आहे."

"वरमाईचा मान उजवीकडे असतोय."

"बघू तेव्हा. पाय घ्या तिकडे, बाटली एकटीनंच नका घेऊ."

भांडण सुरू झालं. चांगलं घसघशीत, तोंडातोंडी, मध्यस्थाविना. केतकी ते एखादं गाणं ऐकावं तसं ऐकत राहिली. उजवी की डावी याचा निकाल काही लागला नाही. पण दोघी येणार होत्या. हात असणार होते. तिने गोधडीच्या उबेत डोळे मिटले आणि पलीकडे हातच नसलेलं ते चित्र पुन्हा आलं नाही.

पहाट झाली. कोयनेवर धुक्याची दुलई पसरली होती, आणि तिच्या काठाला कोवळं, सोनेरी, लाजरं ऊन शिवलं जात होतं. हिरड्याच्या पानांवरून दवाचे थेंब ताडपत्रीवर टपटप पडत होते. गाडीतलं घोरणं अजून चालूच होतं. केतकी उठली, घामेजलेलं अंग सावरत पोपटी झोळीपाशी आली. आत दोन डोकी एकाच उशीवर होती, एक पांढरं, एक करडं. भांडता भांडता दोघींची तोंडं उघडीच राहिली होती. टोपडं घातलेली बाटली आता दोघींच्या मध्ये होती, आणि दोघींचा एकेक हात तिच्यावर होता.

तिने आपल्या झोळीखालची गोधडी सोडली आणि दोघींवर पांघरली. पैठणीचं ठिगळ सासूकडे, शालू आईकडे. उरलेली एक नाडी झोळीच्या कडेला बांधली. मग ती जवळच्या दगडावर बसली, आणि ती नाडी तिने हलकेच ओढली.

झोळी हलली. दोर कुरकुरला. दोन आया एका पाळण्यात, इकडून तिकडे, तिकडून इकडे, झुलू लागल्या. केतकीच्या पोटात बाळाने पहिल्यांदाच एक बारीकशी लाथ मारली, आणि तिच्या ओठांवर आपोआप सूर आला, जो जो, जो जो. पाण्यावरचं धुकं हळूहळू विरत होतं, ऊन पायांपर्यंत आलं होतं, आणि नाडी हातात होती.